प्रोबायोटिकच्या पुडीने मूल बाळसे धरते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, घरी बिड्या वळणाऱ्या एका ताईंची मुलगी दीड वर्षाची आहे. वजन ७ किलो ३०० ग्रॅम, लांबी ७४ सेंटीमीटर, दंडघेर १२ सेंटीमीटर. अंगणवाडीत ‘मॅम’ अशी नोंद झाली आहे. अजून अंगावर पिते, मधूनमधून जुलाब होतात. मेडिकलमध्ये प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या, पुड्या दाखवून सांगितले की महिनाभर द्या, पोट सुधारेल, खाल्लेले अंगी लागेल. त्या द्याव्यात का? की घरचे दही पुरते? आणि दह्याने उंची वाढते का?

ताई, महिनाभराच्या पुड्या घेऊ नका. दही जरूर द्या, पण ते औषध म्हणून नव्हे, जेवणातला एक पदार्थ म्हणून. मुलीचे वजन वाढेल ते शेंगदाणे, डाळं, अंडी, तेल आणि दिवसातून पाच वेळा भरवण्याने. आणि जुलाब का होतात ते शोधल्याशिवाय यातले काहीच पूर्ण लागू पडणार नाही.

आधी आकडे समजून घ्या. अठरा महिन्यांच्या मुलीचे मधले वजन साधारण १०.२ किलो आणि लांबी ८०.७ सेंटीमीटर असते. ८.१ किलोच्या खाली मूल कमी वजनाचे धरतात, ७४.९ सेंटीमीटरच्या खाली खुजे. तुमची मुलगी दोन्ही रेषांच्या खाली आहे. दंडघेर ११.५ ते १२.५ सेंटीमीटरमध्ये म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण, तेच अंगणवाडीतले ‘मॅम’. ११.५च्या खाली गेला की ‘सॅम’, तीव्र कुपोषण. म्हणजे ती अजून घरच्या अन्नावर सावरण्याच्या टप्प्यात आहे, पण पलीकडची रेषा फक्त अर्ध्या सेंटीमीटरवर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी आणि २५.६ टक्के लुकडी निघाली. तेव्हा ‘आमच्याच घरात असे का’ म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका.

आता जिवाणूंचे. मेडिकलवाल्याने सांगितले ते अगदी हवेतले नाही. कुपोषित मुलाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती वयाच्या मानाने अप्रौढ असते. दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात सात-आठ महिन्यांच्या बाळासारखी वस्ती सापडते, हे बांगलादेशातल्या मुलांच्या शौचाच्या तपासणीतून २०१४ मध्ये पुढे आले. त्याच्या आदल्या वर्षी मलावीतल्या जुळ्या भावंडांवरचा अभ्यास आला होता. जुळ्यांपैकी सूज आलेल्या कुपोषित मुलाच्या पोटातले जिवाणू उंदरांच्या पोटात सोडून त्यांना मलावीतल्यासारखेच निकस अन्न दिले, तर उंदरांचे वजन घटले. वाईट अन्न आणि बिघडलेली वस्ती हे दोन्ही एकत्र आल्यावर हा परिणाम ठळक दिसला. म्हणून विचार पुढे आला की चांगले जिवाणू पोटात घातले तर मूल सुधारेल.

हा विचार मुलांवर तपासला गेला, आणि तिथेच गाडी अडली. मलावीतल्या ब्लँटायर शहरात तीव्र कुपोषणाच्या ७९५ मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००९ मध्ये आले. निम्म्या मुलांच्या शेंगदाण्याच्या उपचारी अन्नात चार जातींचे जिवाणू आणि चार प्रकारचे तंतू मिसळले, उरलेल्यांना तेच अन्न जिवाणूंशिवाय दिले. पोषणदृष्ट्या बरी झालेली मुले जिवाणूवाल्या गटात ५३.९ टक्के, दुसऱ्यात ५१.३ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. युगांडात मुलागो रुग्णालयातल्या ४०० कुपोषित मुलांवर दुसऱ्या दोन जिवाणूंची चाचणी झाली. रुग्णालयात असेपर्यंत जुलाबाच्या दिवसांत फरक नाही. घरी गेल्यावरच्या काळात जुलाबाचे दिवस सरासरी दोनने कमी झाले. उपयोग झाला म्हणायचा तर एवढाच.

असे का होते, ते कळले की पुडीचा मोह आपोआप सुटतो. पुडीतले जिवाणू दही-आंबवणाच्या जातीचे असतात, कारण तेच सुकवून टिकवता येतात. मुलाच्या वाढीशी ज्यांचा संबंध दिसतो ते बहुतेक जिवाणू, म्हणजे फीकॅलिबॅक्टेरियम, प्रिव्होटेला वगैरे, हवेत तग धरत नाहीत. ते पुडीत नसतातच. पुडीतले पाहुणे आतड्यातून जातात, थोडे काम करतात आणि पुडी बंद केली की काही दिवसांत नाहीसे होतात. वस्ती बदलते ती रोज खाली पोचणाऱ्या अन्नाने. भुसभुशीत रान नसताना नुसते बियाणे फेकण्यासारखे आहे हे.

याची उलट बाजू बघा, ती तुमच्या स्वयंपाकघराशी येऊन भिडते. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या, मध्यम कुपोषित म्हणजे तुमच्या मुलीसारख्याच मुलांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी झाली. त्यात जिवाणू दिलेच नाहीत. पोटातल्या हव्या त्या जिवाणूंना आवडेल असे अन्न दिले: हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाण्याचा लगदा, कच्ची केळी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे-क्षार. तीन महिने, दिवसातून दोनदा. दुसऱ्या गटाला नेहमीचे पूरक अन्न, ज्यात कॅलरी जास्त होत्या. तरीही हरभरा-शेंगदाणा-केळीवाल्या मुलांचे वजन जास्त वेगाने वाढले. उंचीत मात्र तेवढ्या तीन महिन्यांत फरक दिसला नाही. ११८ मुलांची चाचणी, म्हणजे लहानच. पण सामानाची यादी वाचून सोलापूरकराने दचकायला हवे. यातले निम्मे आपल्या उखळात रोज असते.

दोन अपवाद सांगतो, कारण मोबाइलवर त्यांचेच व्हिडिओ फिरतात. पहिला ओडिशातला. खेड्यांतल्या साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांना जन्मानंतर सात दिवस एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि सोबत तंतू दिले. जंतुदोष आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७चा हा निकाल मोलाचा आहे. पण तो नवजात, अंगावर पिणाऱ्या, पुरेशा वजनाच्या बाळांच्या जंतुदोषाबद्दल आहे, वाढीबद्दल नाही. दुसरा ढाक्यातलाच, सहा महिन्यांखालच्या तीव्र कुपोषित बाळांचा. त्यांना आईच्या दुधावर जगणारा बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस चार आठवडे दिला, तर वजन बरे वाढले आणि आतड्याचा दाह उतरला. हीही छोटी चाचणी. दीड वर्षाच्या, भाकरी-वरण खाणाऱ्या मुलीला यातले काही जसेच्या तसे लावता येत नाही. प्रोबायोटिक हे एका औषधाचे नाव नाही. ‘गोळी दिली’ म्हटल्याने कोणती गोळी ते कळत नाही, तसेच आहे.

मग डॉक्टर कधी लिहून देतात ते योग्य असते? मुख्यतः अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना, त्याने होणारे जुलाब टाळण्यासाठी. तिथे लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी हा जिवाणू आणि सॅकॅरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट यांचा फायदा बऱ्यापैकी सिद्ध आहे. कोर्स संपला की काही दिवसांत तेही बंद. साध्या जुलाबात मात्र अमेरिका आणि कॅनडातल्या, मिळून १८०० हून अधिक मुलांच्या दोन चाचण्यांत २०१८ मध्ये काहीच फायदा दिसला नाही. आपल्याकडे जुलाबाच्या प्रत्येक चिठ्ठीवर प्रोबायोटिकच्या पाच मिलीच्या कुप्या लिहिण्याची पद्धत पडली आहे, आणि ओआरएस-झिंक विसरले जाते. हे उलटे आहे. दीड वर्षाच्या मुलीला जुलाबात प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली ओआरएस आणि झिंक २० मिलिग्रॅम रोज, पूर्ण १४ दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून झिंक थांबवू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टाळण्याचा फायदा त्या उरलेल्या दिवसांत असतो.

डॉक्टरांनी दिलीच असेल तर पुडी नीट वाचा. जिवाणूचे नाव तीन पदरी असते: कुळ, जात आणि शेवटी उपजातीचा क्रमांक किंवा अक्षरे. शेवटचा पदर नसेल तर कोणत्या चाचणीच्या जोरावर विकतात ते कळायला मार्ग नाही. ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस’ असे छापलेले दिसले तर ते जुने, चुकीचे नाव आहे, आत बॅसिलस कोॲग्युलन्स असतो. जिवंत जिवाणूंची संख्या मुदत संपेपर्यंत किती राहील ते लिहिलेले हवे. बनवताना किती होती याला अर्थ नाही. आणि साठवणीचे तापमान. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या दुकानात फ्रिजबाहेर महिनाभर राहिलेल्या लॅक्टोबॅसिलसच्या पुडीत जिवंत काय उरले असेल? स्पोअरवाले, म्हणजे कठीण कवचात राहणारे, बॅसिलस आणि सुकवलेले यीस्ट त्या मानाने टिकतात. पुडी गरम दुधात किंवा वाफाळत्या पेजेत मिसळली की पैसे गेलेच. बोटाला कोमट लागेल इतपतच चालते. अँटिबायोटिक आणि जिवाणूंची पुडी यांत दोन तासांचे अंतर ठेवा. यीस्टवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही, तिथे अंतराची गरज नाही.

आणि एक धोका. अगदी खंगलेल्या, रुग्णालयात सलाईनवर असलेल्या मुलाचे आतडे गळके आणि प्रतिकारशक्ती खालावलेली असते. अशा मुलांत पुडीतलेच जिवाणू किंवा यीस्ट रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. तिथे आपल्या मनाने काही देऊ नये, दहीसुद्धा विचारून.

आता दही. दह्यात जिवंत जिवाणू असतात, पण कोणते आणि किती ते प्रत्येक घरच्या विरजणागणिक बदलते. म्हणून शास्त्राच्या भाषेत घरचे दही ‘प्रोबायोटिक’ ठरत नाही. त्याने दह्याची किंमत कमी होत नाही. जुलाबानंतर काही मुलांना दूध पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारे पाचक आतड्याच्या आतल्या मखमलीसारख्या उंचवट्यांच्या टोकावर असते आणि ते टोकच झिजते. विरजताना ती साखर थोडी घटते, आणि दह्यातले जिवाणू आतड्यात उरलेल्या साखरेलाही हात लावतात. म्हणून चौदा दिवसांच्या वर चाललेल्या जुलाबात दुधाऐवजी दही देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या आहारात आहे. दह्याचा मुलीला खरा उपयोग हा आहे: सोसवणारी प्रथिने, कॅल्शियम आणि थोडी ऊर्जा.

चूक होते ती ताकात. १०० ग्रॅम दह्यात ६० कॅलरी, १०० ग्रॅम ताकात १५. तुमच्या मुलीच्या जठरात एका वेळी किलोमागे ३० मिली, म्हणजे सव्वादोनशे मिलीच्या आसपास मावते. एक पेला ताक पाजले की पोट काठोकाठ भरले आणि गेल्या ३० कॅलरी. मग ती तासभर जेवणाकडे बघत नाही आणि आपण म्हणतो, भूकच नाही. वरणाचे वरचे पाणी, पातळ आंबील, चहात बुडवलेले बिस्कीट, सगळ्यांचा हिशेब हाच. चहा तर अन्नातले लोहही अडवतो. उन्हाळ्यात ताक पाजायचेच तर जेवणानंतर चार घोट.

आंबिलीबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज आहे. ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवले की ते ‘देशी प्रोबायोटिक’. पीठ आंबते तेव्हा जिवाणू भरपूर असतात, पण उकळी फुटली की मरतात. आंबवल्याचे फायदे राहतात: लोह-जस्त अडवणारे फायटेट घटते आणि आंबटपणामुळे घातक जंतू लवकर वाढत नाहीत. जिवंत जिवाणूच हवे असतील तर आंबील कोमट झाल्यावर वरून दोन चमचे दही कालवा. आणि पातळ नको. चमचा तिरपा केला तर पदार्थ ओघळू नये, थबकत पडावा, एवढी दाट हवी.

विरजण लावताना दूध उकळून घ्या. कच्च्या दुधाचे दही लहान मुलाला नको. बोट बुडवून दहापर्यंत मोजता येईल इतके कोमट झाले की अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण. मे महिन्यात तीन-चार तासांत लागते, डिसेंबरात आठ-दहा लागतात. उन्हाळ्यात सकाळी लावलेले दही संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवले तर आंबटढाण होते आणि मूल तोंड फिरवते. दह्याला तार सुटली, गुलाबी-हिरवट ठिपका दिसला किंवा वास उग्र आला तर वरचे काढून खालचे देऊ नका, सगळे टाका आणि विरजणही नव्या घरून आणा. दिवसाला अर्धी ते एक वाटी पुरे. साखरेऐवजी कुस्करलेले केळे घाला.

आता खरे काम. मध्यम कुपोषित मुलाला दिवसाला किलोमागे १०० ते १३० कॅलरी लागतात. ७.३ किलोला ७३० ते ९५०. अंगावरच्या दुधातून या वयात ३००-३५० मिळतात, ते बंद करू नका. उरलेल्या ४०० ते ६०० वाटीतून जायच्या. त्यासाठी एक पीठ करून ठेवा. ज्वारी २०० ग्रॅम, डाळं १०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम. ज्वारी मंद आचेवर खमंग भाजायची, शेंगदाणे भाजून सोलायचे, डाळं तयारच असते. ज्वारी आणि डाळं गिरणीतून काढा. शेंगदाणे घरी कुटून शेवटी मिसळा, गिरणीत घातले तर जात्याला चिकटतात आणि गिरणीवाला बोलतो. १०० ग्रॅम पिठात ४०० च्या वर कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिने येतात. एका वेळेला ३० ग्रॅम, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे, पाण्यात किंवा दुधात शिजवा. त्यात एक लहान चमचा तेल किंवा तूप आणि १० ग्रॅम गूळ. झाल्या २०० कॅलरी, तेही तिच्या जठरात मावतील एवढ्याच वाटीत. दिवसातून दोनदा हे, बाकी दोन वेळा घरचे जेवण मऊ करून, एकदा दही-केळे किंवा अंडे.

शेंगदाण्याच्या बाबतीत हात आखडू नका, पण डोळे उघडे ठेवा. काळवंडलेला, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा किंवा कडवट दाणा वेचून फेका. त्यातले अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष भाजल्याने जात नाही, आणि ज्या मुलांच्या पोटात ते सतत जाते त्यांच्यात खुजेपणा जास्त आढळतो. चटणीसाठी स्वस्तातला जुना दाणा आणायची सवय असेल तर मुलीचा दाणा वेगळा आणा. अख्खा दाणा चार-पाच वर्षांच्या आत कधीच नाही, श्वासनलिकेत अडकतो. शेंगाची चटणी उखळात कुटताना दाण्याला तेल सुटले की तिखट-लसूण-मीठ पडण्याआधी मूठभर लगदा बाजूला काढा. तोच भाकरीच्या कुस्कऱ्यात दुधासोबत कालवायचा. मोठ्यांच्या चटणीने तोंड पोळले की मूल आठवडाभर भाकरीकडे बघत नाही.

पेज दाट केली की गिळवत नाही आणि पातळ केली की सत्त्व नाही, या पेचावर जुना उपाय मोडाच्या पिठाचा आहे. नाचणी किंवा गहू बारा तास भिजवा, एक-दोन दिवस ओल्या फडक्यात मोड आणा, सावलीत वाळवा, अगदी मंद भाजून दळा. दाट शिजलेली पेज खाली उतरवून थोडी निवली की त्यात एक लहान चमचा हे पीठ ढवळा. पाच-सात मिनिटांत पेज तुमच्यासमोर सैल होते, मग पुन्हा एक उकळी द्या. मोडात तयार झालेले पाचक पिष्टाची साखळी तोडते. ते उकळत्या पेजेत घातले किंवा मोडाचे धान्य करपवले की पाचक मरते आणि काहीच घडत नाही. यासाठी ज्वारीला मात्र मोड आणू नका. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारे द्रव्य असते. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यावर गुरे का सोडत नाहीत, ते घरातल्या शेतकऱ्याला विचारा. मंगळवेढ्याची मालदांडी भाकरीला आणि कण्यांना उत्तम, मोडांना नको.

रोज एक अंडे परवडत असेल तर द्या. इक्वाडोरमध्ये सहा महिने रोज अंडे दिल्यावर बाळांची उंची स्पष्ट वाढली, मलावीत तोच प्रयोग केला तर फरक पडला नाही. कारण तिथली मुले आधीच मासे खात होती असे म्हणतात. कमतरता असेल तिथेच भर दिसते. प्रोबायोटिकच्या एका पुडीच्या किमतीत दोन-तीन अंडी येतात, एवढे ध्यानात ठेवा. अंगणवाडीतून मिळणारे टीएचआरचे, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचे, पाकीटही मुलीचेच आहे, घरातल्या सगळ्यांच्या शिऱ्यात ते विरघळू देऊ नका.

जुलाबांचे मूळ बहुतेक पाण्यात आणि हातात असते. वारंवार जंतू पोटात गेले की मोठे जुलाब न होताही आतड्याची मखमल झिजते, भिंत गळकी होते, अंगात बारीक दाह राहतो आणि तो वाढीच्या संप्रेरकाला दाबतो. उंची अडते ती इथे. खरे सांगायचे तर नुसते शौचालय आणि हात धुण्याने उंची वाढत नाही, हे बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे. पूरक अन्न दिलेल्या गटांत मात्र ती थोडी वाढली. तरी जुलाब थांबवायचे तर पाणी बघावेच लागते. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, पाणी पिंपात साठते आणि त्यात सगळ्यांचे तांबे बुडतात. मुलीचे पिण्याचे पाणी रटरटा उकळून झाकणाच्या, तोटीच्या भांड्यात वेगळे ठेवा. दुधाची बाटली घरातून काढून टाका, वाटी-चमचा वापरा. उन्हाळ्यात शिजवलेले दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर तिला देऊ नका.

बिड्यांचे काम असलेल्या घरात आणखी दोन गोष्टी. सुपावरून उठून थेट मुलीला भरवू नका. तंबाखूचा भुरका नखांत बसतो, साबणाने नखांसकट हात धुवायचे. आणि हजाराचा आकडा पुरा करायच्या नादात दुपारचे भरवणे तीनवर जाते. भरवायच्या पाच वेळा घड्याळाला बांधा, पहिली सकाळी सातच्या आत. भरवताना सूप मांडीवर नको. दीड वर्षाचे मूल घास तोंडात धरून इकडे-तिकडे बघते, वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत संपवलेले जेवण अर्धेच पोटात गेलेले असते.

जोडीला राहिलेले एवढे तपासा: सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ, जंतनाशक (या वयाला अल्बेंडाझोल २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी चुरून), आणि आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचे औषध. तिन्ही अंगणवाडी किंवा आशाताईंकडून मोफत मिळतात.

मोजमाप कसे ठेवाल? वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी, उघड्या अंगाने. या वयात नेहमीची वाढ महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास असते. मागे पडलेली मुलगी महिन्याला चारशे ग्रॅम वाढली तर ती खरोखर भरून काढते आहे. दंडघेर पंधरा दिवसांनी, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. पट्टी कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. लांबी तीन महिन्यांनी मोजा, आणि दोन वर्षांपर्यंत आडवे झोपवूनच. उभे करून मोजले तर सुमारे ०.७ सेंटीमीटर कमी भरते आणि उगाच घाबरायला होते. वजन आधी वाढते, उंची दोन-तीन महिन्यांनी हलू लागते. पहिल्या महिन्यात उंची वाढली नाही म्हणून पीठ बदलत बसू नका.

दंडघेर ११.५च्या खाली गेला, दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबल्यावर खड्डा राहिला, ती खायलाच नकार देऊ लागली, सुस्त पडली, अंग गार लागले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरचे पीठ आणि दही बाजूला ठेवून त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. तिथे पहिले काही दिवस १०० मिलीला ७५ कॅलरी असलेले पातळ दूधच थोडे थोडे देतात. ‘इतके अशक्त मूल आणि एवढेच?’ असे वाटून बाहेरून अंडी-तूप भरवू नका. खंगलेल्या शरीरावर एकदम मारा केला तर रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदयावर ताण येतो.

आणि सहा आठवडे मोजून भरवूनही वजन हलले नाही, तर अन्न वाढवण्याआधी कारण शोधायला हवे. लघवीची तपासणी, रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रमाण, घरात किंवा शेजारी कुणाला जुना खोकला असेल तर क्षयाची तपासणी, हृदयाचे ठोके, थायरॉइड. जुलाब चौदा दिवसांच्या वर चालू राहत असतील तर तेही डॉक्टरांना वेगळे सांगा, आणि गव्हाचे पदार्थ सुरू केल्यापासून वाढले का ते आठवून सांगा. काही मुलांना गव्हातले ग्लुटेन सोसत नाही. अशा मुलाची ज्वारीच्या भाकरीवर तक्रार नसते आणि चपाती-बिस्किटांवर पोट फुगते. पण तपासणी होईपर्यंत गहू स्वतःहून बंद करू नका, बंद केला तर रक्तात ते सापडत नाही. तोवर रोज काय खाल्ले, किती वेळा शौचाला झाली ते वहीत लिहा. डॉक्टरांना ती वही पुडीच्या खोक्यापेक्षा जास्त सांगेल.